एलईडी बल्ब लवकर का उडतो? आधी ड्रायव्हर पाहा

पाकिटावर २५ हजार तासांचं आयुष्य छापलेलं असतं, पण बल्ब वर्षभरातच बंद पडतो. ही तक्रार घरोघरी ऐकू येते. अशा वेळी अनेकदा आतल्या एलईडी शाबूत असतात. गेलेला असतो तो त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर.

ड्रायव्हर कशासाठी?

घरात २३० व्होल्टची एसी वीज येते. एका पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट डीसी लागतात. पण खरा प्रश्न करंटचा आहे. व्होल्टेज जरासं वाढलं तरी एलईडीतला करंट एकदम उसळतो. ती तापते आणि तापली की त्याच व्होल्टेजवर आणखी करंट ओढते. म्हणून करंट ठरलेल्या मर्यादेत ठेवणं हेच ड्रायव्हरचं मुख्य काम.

नुसता रेझिस्टर का पुरत नाही?

१२ व्होल्टच्या बॅटरीवर तीन एलईडी एकामागे एक जोडल्या, तर त्यांना ९ व्होल्ट लागतात. उरलेल्या ३ व्होल्टसाठी १५० ओहमचा रेझिस्टर लावला की करंट २० मिलिअँपिअर होतो. बॅटरी चार्ज होताना व्होल्टेज १४.४ पर्यंत गेलं, तर हाच करंट सुमारे ३६ मिलिअँपिअर होतो. व्होल्टेज २० टक्के वाढलं, करंट ८० टक्के!

बाजारात मिळणारे तीन प्रकार

कपॅसिटर ड्रॉपर : सर्वांत स्वस्त. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्टवर फार तर ७० मिलिअँपिअरच्या आसपास करंट जाऊ देतो. मात्र लाइनचं व्होल्टेज चढलं की करंटही चढतो, पडलं की उजेड मंदावतो.

लिनियर आयसी : एलईडीच्याच प्लेटवर बसवलेला असतो. करंट स्थिर ठेवतो, पण जादा व्होल्टेजची उष्णता आयसीवरच निघते.

स्विचिंग ड्रायव्हर : आयसी आणि कॉइलच्या मदतीने वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून करंट सांभाळतो. महाग पडतो, पण लाइन खालीवर झाली तरी उजेड जवळपास सारखाच राहतो. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि बंद झाले की चढतं, अशा गावांत हाच टिकतो.

उष्णता हा मोठा शत्रू

ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने आतून सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. बंद काचेच्या डोममध्ये किंवा हवा न खेळणाऱ्या फॉल्स सीलिंगमध्ये बल्ब लवकर जातो, तो यामुळेच.

घेताना, बदलताना काय पाहावं?

बल्बवर व्होल्टेजची मर्यादा लिहिलेली असते. २२०–२४० पेक्षा १००–३०० व्होल्टचा बल्ब चढउतार जास्त सोसतो. बीआयएसचा शिक्का पाहावा. बल्बसाठी आयएस १६१०२ आणि सुट्या ड्रायव्हरसाठी आयएस १५८८५ हे मानक आहे.

पॅनेल लाइटचा ड्रायव्हर बदलताना नुसते वॅट जुळवू नयेत. जुन्यावर '३०० मिलिअँपिअर, २४–४२ व्होल्ट' असं लिहिलं असेल, तर नव्याचा करंटही ३०० मिलिअँपिअरच हवा आणि पॅनेलचं व्होल्टेज त्याच्या मर्यादेत बसायला हवं. जास्त करंटचा लावला तर उजेड वाढेल, पण पॅनेल लवकर जळेल.

एक खबरदारी मात्र हवीच. स्वस्त बल्बमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे एलईडीची सर्किट थेट मेन लाइनला जोडलेली असते. झाकण काढून बल्ब पेटवला तर आत कुठेही हात लागला की शॉक बसू शकतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरू शकतो. दुरुस्ती येत नसेल तर तो उघडूच नये.