गुरुकुलाचे अध्ययनवर्ष व समावर्तन

विद्यालयाचे वर्ष केव्हा आरंभावे, केव्हा संपवावे आणि विद्यार्थ्यास स्नातक केव्हा म्हणावे, या प्रश्नांचा काटेकोर विचार गृह्यसूत्रे व स्मृतिग्रंथ यांत आढळतो. हे अध्ययन समाजातील सर्वांस खुले नव्हते, ही मर्यादा ध्यानी ठेवूनच तो पाहिला पाहिजे.

सत्रारंभाचे कर्म ते उपाकर्म. मनुस्मृतीने त्यासाठी श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमा सांगून साडेचार महिने वेदाध्ययन करावे असे म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत वनस्पती उगवल्याची खूणही दिली आहे. समाप्तीचे कर्म ते उत्सर्जन. ते गावाबाहेर, जलाशयाजवळ करीत. श्रावणीपासून साडेचार महिने मोजले की पौष लागतो, भाद्रपदीपासून मोजले की माघ. समाप्तीचा काळ या हिशेबास धरूनच आहे. त्यानंतर शुक्लपक्षात वेद व कृष्णपक्षात वेदांगे असा क्रम चाले. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या हे ठरलेले अनध्याय. मेघगर्जना वा वावटळ झाली तरी वेदपाठ थांबे. वेदांगांस मात्र अनध्यायाची आडकाठी नव्हती.

सत्राच्या तिथी अशा सर्वांना सारख्या होत्या. समावर्तनाची तिथी मात्र ज्याची त्याची निराळी. मनूने छत्तीस, अठरा वा नऊ वर्षे अशा मर्यादा सांगितल्या आणि शेवटी विद्या आत्मसात होईपर्यंत, अशी मोकळीकही ठेवली. गुरूची अनुज्ञा मिळाली की शिष्याने स्नान करून घरी परतावे. विद्या पुरी झाली पण व्रत अपुरे, तो विद्यास्नातक. व्रत पुरे पण विद्या अपुरी, तो व्रतस्नातक. दोन्ही पुरी केली तो विद्याव्रतस्नातक. तिसरा श्रेष्ठ मानला जाई.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. या व्यवस्थेत परीक्षेची तिथी सर्वांस एकच झाली. हजारोंच्या शिक्षणास ते अपरिहार्य होते, आणि त्यामुळे विद्येचे दार पुष्कळ रुंदही झाले. परंतु पदवीची तारीख आधी ठरते आणि विद्येने तीपर्यंत पुरे व्हावे, अशी अपेक्षा राहते.

जुन्या व्यवस्थेचीही गत निराळी झाली नाही. आज महाराष्ट्रात श्रावणीच्या दिवशी उत्सर्जन आणि उपाकर्म बहुधा एकाच बैठकीत उरकतात. सत्राचा आरंभ आणि शेवट दोन्ही राहिले. मधले साडेचार महिने तेवढे गळाले. वर्षपत्रक जुने असो वा नवे, ते या मधल्या काळासाठीच आखावयाचे असते.