नावाच्या रकान्यातला हुकूम

जाळ्याला जोडला जाणारा संगणक स्वतःचा पत्ता दुसऱ्याला विचारून घेतो, ही रीत १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिल्मोर यांनी मांडलेल्या ‘बूटपी’ नियमांत दिसते. ऑक्टोबर १९९३ मध्ये राल्फ ड्रॉम्स यांच्या मसुद्यातून तिला ‘डीएचसीपी’ हे आजचे रूप आले. हाताने पत्ते भरण्याची कटकट त्यामुळे गेली. भिवंडीतल्या एखाद्या मोठ्या गोदामात स्कॅनर, प्रिंटर, लॅपटॉप दिवसभर जाळ्यात येत-जात असतात; तिथे या सोयीवाचून पान हलणार नाही.

सोयीच्या पोटात भाबडेपणाही होता. नवे यंत्र साऱ्या जाळ्याला हाक मारून पत्ता मागते आणि जो ओ देईल त्याच्यावर विश्वास ठेवते. उत्तर खऱ्या सर्व्हरचे की त्याच जाळ्यात बसलेल्या भामट्याचे, हे पडताळण्याची व्यवस्था मूळ नियमांत नव्हती. २००१ मध्ये तशी तरतूद झाली, पण ती फारशी कोणी वापरली नाही.

उत्तरात पत्त्याबरोबर यंत्राचे नाव, डोमेन असा इतरही मजकूर येतो. लिनक्सवर हे उत्तर घेण्याचे काम बराच काळ आयएससी या संस्थेचा ‘डीएचक्लायंट’ करी. मिळालेला मजकूर तो एका शेल-स्क्रिप्टच्या हवाली करी आणि ती स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाराने चाले. शेलला, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, मात्र अर्धविराम किंवा डॉलरचे चिन्ह ही नुसती अक्षरे वाटत नाहीत. त्यांच्यामागून नवी आज्ञा सुरू होऊ शकते. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर माल पाठवणाऱ्याच्या नावापुढे कोणी ‘सगळे गाळे उघडा’ असे लिहावे आणि मुनीमाने ते वाचताच हमालांनी खरोखर कुलपे काढावीत, तसा हा प्रकार.

एप्रिल २०११ मध्ये सुसे या लिनक्स कंपनीच्या सुरक्षा पथकातील सेबास्टियन क्राहमर आणि मारियस टोमाशेव्हस्की यांनी शोधलेला हा दोष जाहीर झाला. त्याची नोंद सीव्हीई-२०११-०९९७ अशी आहे. दुरुस्तीनंतर नावात ठरावीक अक्षरेच चालू लागली. हे शहाणपण खरे तर पहिल्या दिवशीच सुचायला हवे होते.

दार बंद झाले, खिडक्या राहिल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅश या शेलमधला ‘शेलशॉक’ दोष उघड झाला आणि जिथे ती स्क्रिप्ट बॅश चालवत असे, तिथे डीएचसीपीचे उत्तर पुन्हा हल्ल्याचा मार्ग ठरले. मे २०१८ मधला दोष त्याहून सूक्ष्म होता. तो गुगलच्या फेलिक्स विल्हेल्म यांना सापडला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ६ आणि ७ या आवृत्त्यांमधल्या, जाळ्याशी जोडणी सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या एका जोड-स्क्रिप्टमध्ये तो दडला होता. मजकूर वाचताना तिच्यातली ‘रीड’ ही आज्ञा बॅकस्लॅश गिळून टाकी. त्या चिन्हाने बांधून ठेवलेले अवतरणचिन्ह मग मोकळे सुटे आणि पुढचा मजकूर आज्ञा म्हणून रूटच्या अधिकाराने चाले. दुरुस्ती म्हणजे ‘रीड’पुढे ‘-आर’ हा एक पर्याय जोडणे. हल्लेखोराचा नमुना तर एका ट्वीटमध्ये मावला.

आयएससीने २०२२ मध्ये डीएचक्लायंटची देखभाल थांबवली. तिच्या ‘केआ’ या नव्या प्रणालीत पत्ता देणारी बाजू आहे, मागणारी नाही. बऱ्याच लिनक्स वितरणांत पत्ता मागण्याचे काम आता नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी हे व्यवस्थापक-प्रोग्राम आपल्या आतच उरकतात.