तळटीप १७ : ठशातला चंद्र

१७. सिद्धेश्वर धरणाच्या (ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली) जलाशयावर उगवलेल्या चंद्राला लेखकाने 'जपानी ठशात पांढऱ्या रंगाने छापलेला चंद्र' म्हटले आहे. उपमा देखणी, पण तपशील चुकला. उकियो-ए पद्धतीच्या लाकडी ठशांच्या चित्रांत पौर्णिमेचा चंद्र बहुधा छापतच नाहीत. तो कोरा कागद असतो. चेरीच्या फळीवर आकाशाचा भाग ठेवायचा, चंद्राचे वर्तुळ मात्र खोल कोरून काढायचे. तेवढ्या जागी शाई लागत नाही. फळीवरची शाई ओल्या ब्रशने विरळ करत नेली की छपाईत गडद निळे आभाळ फिकट होत जाते. या छटाकामाला 'बोकाशी' म्हणतात. हिरोशिगेच्या (१७९७–१८५८) चांदण्या रात्री पाहाव्यात. योशितोशीने तर १८८५ ते १८९२ या काळात चंद्रावर शंभर चित्रांची मालिकाच केली. काहींत चंद्र दिसतही नाही, फक्त सुचवलेला असतो.

आपल्याकडे उलट रीत. वीरगळाच्या माथ्यावर चंद्र-सूर्य दगडातून उठावाने काढतात, 'आचंद्रार्क' म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत कीर्ती राहो म्हणून. ससा मात्र दोन्हीकडे एकच : आपला चंद्र 'शशांक', जपानी चंद्रावरचा ससा मोची (चिकट भाताचा गोळा) कांडतो. त्यांचा चंद्रदर्शनाचा सण 'त्सुकिमी' साधारणपणे आपल्या कोजागरीच्या महिनाभर आधी येतो.

मूळ वाक्य लेखकाचे म्हणून तसेच ठेवले आहे. — संपा.