पाळी, गोळी आणि एक जुनी धास्ती

मराठीत ‘पाळी चुकली’ एवढे दोन शब्द पुरेसे असतात. पुढचे ऐकणारा समजून घेतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांतून ‘बाहेर बसणे’ पाळले जाई, त्या काळी तर हा हिशेब एकट्या स्त्रीचा नसेच. या महिन्यात सून बाजूला बसली नाही, हे साऱ्या वाड्यास कळे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीस पाळी न आल्यास आजही जी धास्ती वाटते, तिच्यामागे हाच वारसा आहे, असे आम्हांस वाटते. गोळीचे आजचे रूपही अशाच एका समजुतीतून घडले आहे.

या विषयावर मराठीत उघडपणे बोलण्याचे धैर्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनी दाखविले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. यापायी प्राध्यापकी गेली, खटले झाले; १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. गोळी मात्र कर्व्यांस पाहावयास मिळाली नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत डॉ. जॉन रॉक वंध्यत्वावरील उपचार म्हणून स्त्रियांस रोज संप्रेरके देत होते. त्यांनी पाळी थांबे आणि अपत्यासाठी आसुसलेल्या त्या स्त्रियांस दिवस गेल्याचा भास होई. भ्रम फिटला की दुःख दुणावे. म्हणून रॉक व ग्रेगरी पिंकस यांनी २० दिवस औषध देऊन मग थांबण्याची रीत धरली. औषध थांबताच रक्तस्राव होई. १९५६ मध्ये पोर्तो रिकोतील गरीब स्त्रियांवर गोळीच्या चाचण्या सुरू झाल्या आणि १९६० मध्ये अमेरिकेत संततिनियमनासाठी तिला मान्यता मिळाली. स्रावाची ती रीत कायम राहिली.

आपल्याकडील ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात: २१ संप्रेरकांच्या, ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत होणारा स्राव ही नैसर्गिक पाळी नव्हे. संप्रेरकांमुळे स्त्रीबीज सुटत नाही, गर्भाशयाचे अस्तरही पातळ राहते. त्यामुळे स्राव कमी होणे वा एखादे वेळी न होणे शक्य असते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ‘सहेली’ १९९१ मध्ये आली. तिच्यात ही संप्रेरके नाहीत, तरी तिनेही काहींची पाळी लांबते.

शासकीय सेवेत असताना पाकिटे वाटली जाताना आम्ही पाहिली. पाळी न आल्यास काय समजावे, हे सांगणारे क्वचितच कोणी असे. ‘माला-एन’सारख्या गोळ्या नियमाने घेतल्या असतील, तर एकदा स्राव न झाल्याने गर्भ राहिला असे सहसा नसते. गोळ्या विसरल्या असतील किंवा लागोपाठ दोनदा पाळी आली नसेल, तर गर्भचाचणी करावी व डॉक्टरांस विचारावे. धास्तीने गोळ्याच सोडल्या, तर जे टाळावयाचे तेच घडण्याचा संभव.

‘बाहेर बसणे’ आता बहुतेक घरांतून गेले. त्या विषयावरचे मौन मात्र अजून घरातच आहे. चाचणीची पट्टी औषधांच्या दुकानात मिळते. ती आणावयास निघालेल्या सुनेस वा लेकीस कोणी आडून प्रश्न विचारू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.