सुरक्षारक्षक आणि वादाचे शमन

इस्पितळ, बँक वा गृहसंकुलाच्या प्रवेशद्वाराशी उभा असलेला खासगी सुरक्षारक्षक गणवेशात असला, तरी त्याला पोलिसांचे अधिकार नसतात. अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा आपल्यासमक्ष घडल्यास तो कोणत्याही नागरिकाप्रमाणे संबंधितास पकडू शकतो. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्यास विनाविलंब, अधिकाधिक ६ तासांत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. स्वसंरक्षणार्थ वापरलेले बळही गरजेपुरतेच असावे लागते. म्हणूनच संयत वाणी हे त्याचे प्रमुख साधन ठरते.

भेटीची वेळ संपल्यावर रुग्णाचा नातेवाईक आत जाण्याचा हट्ट धरतो, तेव्हा त्याच्या रागामागे बहुधा भीती असते. अशा वेळी रक्षकाने दोन हात अंतर राखावे, किंचित तिरके उभे राहावे आणि समोरच्याची परतीची वाट अडवू नये. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे, मग आवाज न चढवता नियमासोबत पर्यायही सांगावा: ‘आता आत सोडता येत नाही, मी वॉर्डात फोन करून विचारतो, आपण इथे बसा.’ धमकी, उपहास किंवा ‘शांत व्हा’ असा हुकूम यांनी राग भडकतो. शस्त्र दिसल्यास वा जमाव वाढल्यास माघार घेऊन ११२ वर कळवणेच योग्य.

प्रसंग निवळल्यावर वेळ, घटना व साक्षीदार यांची नोंद वहीत करावी. पुढे तक्रार झाल्यास तीच रक्षकाचा आधार ठरते.

खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणाऱ्या २००५ च्या कायद्याखालील केंद्रीय आदर्श नियमांत नवोदित रक्षकासाठी १०० तासांचे वर्ग आणि ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. त्यात संवादाच्या सरावाला कवायतीइतकेच स्थान मिळणे अगत्याचे आहे.