दिवाळीची सुट्टी आणि बोरघाट

दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा किती लांब असतो ते हॉस्टेलवर राहिलेल्यालाच कळेल. माझं इंजिनिअरिंग कुसगावला झालं. कुसगाव म्हणजे लोणावळ्याला खेटून, एक्सप्रेसवेच्या कडेला. शेवटचं सबमिशन व्हायच्या आधीच बॅग भरून तयार असायची. खाली धुवायचे कपडे, वर चिक्कीची दोन पाकिटं. (आईला चिक्की अजिबात आवडत नाही, पण लोणावळ्याहून हात हलवत जाणार कसं?) रात्री फोनवर एकच चौकशी, "चकल्या झाल्या का?" पहाटे एका रिक्षात कोंबून चौघं स्टेशनवर, मग सिंहगड एक्सप्रेस, कर्जतला उतरून बदलापूर लोकल.

या प्रवासात मला राग यायचा तो घाटाचा. उतारावर ब्रेक तपासायला गाडी मंकी हिलला थांबायची, मग ठाकूरवाडीला थांबायची. बाहेर ढग, धबधबे, सगळं असायचं. माझं लक्ष घड्याळात.

बऱ्याच वर्षांनी घाटाचा इतिहास वाचायला घेतला, आणि आपण काय घाई करत होतो याची जरा लाजच वाटली.

बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला १८३० मध्ये, गव्हर्नर माल्कमच्या काळात. रेल्वे आली ती तुकड्यातुकड्याने. मुंबईकडून १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत, पुण्याकडून १४ जून १८५८ ला खंडाळ्यापर्यंत. मधला घाट तसाच! म्हणजे १८५९ साली पुण्यात शिकणारा एखादा मुंबईचा मुलगा सुट्टीला निघाला असेल, तर खंडाळ्यापर्यंत आगगाडी, तिथे सामानासकट खाली उतरायचं, पालखी, तट्टू किंवा आपले पाय वापरून घाट उतरायचा आणि खोपोलीला पुन्हा आगगाडी धरायची. पाच वर्षं हे असंच चाललं. मी मंकी हिलच्या थांब्यावर कुरकुरत होतो.

मधला तुकडा रखडण्याचं कारण घाटात गेल्यावर दिसतंच. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचं होतं. काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट चढ. २५ बोगदे, ८ मोठे पूल. एका जागी तर कड्यावर वळायलाच जागा नव्हती, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. गाडी आत जायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने निघायची. आमच्या भाषेत सांगायचं तर चक्क वर्कअराउंड, आणि तो १९२९ पर्यंत चालला. (तात्पुरता कोड किती वर्षं टिकतो ते आपल्याला माहीत आहेच.)

असो. मला जास्त अडकवून ठेवलं ते माणसांनी. १८६१ च्या सुमाराला घाटात ४२ हजारांहून जास्त मजूर होते. पावसाळ्यात बरंचसं काम बंद पडायचं, लोक पांगायचे, गावाकडे पेरणीला जायचे. पाऊस सरला की कंत्राटदाराची पुन्हा माणसं जमवायची धावपळ. म्हणजे त्यांचंही आमच्यासारखंच वेळापत्रक होतं, फक्त घरी जाताना कनवटीला पैसे असले तर! फेव्हिएल नावाच्या कंत्राटदाराच्या काळात मजुरी थकली आणि जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला. सरकारने चौकशी केली, त्याच वर्षी फेव्हिएलने काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस परत गेली नाही. तिने कंत्राट स्वतःकडे ठेवलं आणि अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या इंजिनिअरांकडून ते पार पाडून घेतलं. मुख्य इंजिनिअर बर्कली १८६२ मध्ये इंग्लंडात गेला, घाट सुरू झालेला त्याला बघायला मिळाला नाही. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रियरने उद्घाटन केलं.

ही सगळी नावं सापडतात. कॉलरा आणि तापाने घाटातच राहिलेल्या मजुरांचे मात्र आकडेच सापडतात, तेही प्रत्येक पुस्तकात वेगळे. त्यांच्या घरी कुणी, कसं कळवलं असेल?

गेल्या दिवाळीत पुण्याहून मुद्दाम सिंहगडने निघालो. लोणावळ्याला एक मुलगा चढला. पाठीवर फुगलेली सॅक, हातात चिक्कीची पिशवी. मंकी हिलला गाडी थांबली तसा दारापाशी जाऊन वाकून बघायला लागला. मला वाटलं, याला सांगावं सगळं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "अगं घाटातच आहे अजून... हो, कधीची थांबलीये... आई, दादाला सांग, सगळ्या संपवू नको म्हणावं..."

गाडी हलली, बोगदा आला आणि त्याची रेंज गेली.