गोंदलेले रक्त : पोलीसकथेतील कुळाचा प्रश्न

ज्याच्या स्वतःच्याच घरात गुन्हेगार आहे असा पोलीस अधिकारी हे भारतीय थरारकथेतील एक स्थिर आशयसूत्र आहे. त्याची मीमांसा बहुधा 'रक्त विरुद्ध कर्तव्य' या द्वंद्वाच्या आधारे केली जाते आणि हे द्वंद्व सनातन असल्याचे गृहीत धरले जाते. वस्तुतः त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा आरंभ भंडारा जिल्ह्याच्या शेजारीच सापडतो.

भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यांच्याच अमलाखालील जबलपूरचा मुलूख 1818 साली कंपनी सरकारकडे गेला. तेथून विल्यम स्लीमनने 1830 च्या दशकात ठगीविरोधी मोहीम चालविली. या मोहिमेचा कणा होता माफीचा साक्षीदार. त्याच्या जबान्यांवरून ठगांच्या वंशावळी तयार केल्या गेल्या. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच अपराध ठरला आणि त्याला जन्मठेपेची शिक्षा आली. शिक्षा झालेल्यांच्या कपाळावर गोंदले जाई. सरकारच्या बाजूने उभे राहून स्वतःच्या आप्तांना धरून देणारा हा साक्षीदार अर्धा पोलीस आणि अर्धा गुन्हेगार होता. पुढील काळातील दुभंगलेल्या पोलीस नायकाचा तो पूर्वज होय.

फिलिप मेडोज टेलरच्या 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' (1839) या कादंबरीचा निवेदक अमीर अली हा असाच साक्षीदार आहे. परंतु टेलरने त्याला जन्माने ठग केलेले नाही. त्याचे आईबाप ठगांकडून मारले जातात आणि त्याच टोळीचा नायक त्याला मुलगा म्हणून वाढवतो. पुढे अमीर अली नकळत आपल्याच बहिणीचा गळा आवळतो. कंपनीचे दफ्तर वंशावळी मांडीत असताना कादंबरी मात्र गुन्हा संगोपनातून येतो असे सुचवते. या वाङ्मयप्रकाराच्या आरंभीच असलेली ही विसंगती महत्त्वाची आहे. शासनाने त्यातील पहिली बाजू उचलली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच पुरावा ठरविला. 1911 नंतर त्याची व्याप्ती देशभर झाली, आणि 1952 साली तो रद्द होईपर्यंत जमातीच्या जमाती हजेरीच्या वहीत बांधल्या गेल्या.

स्वातंत्र्योत्तर चित्रपटाने हाच प्रश्न दोन भावांत विभागून मांडला. 'गंगा जमना' (1961) मध्ये जमीनदाराच्या कारस्थानामुळे एक भाऊ दरोडेखोर होतो आणि दुसरा पोलीस अधिकारी. 'दीवार' (1975) मध्ये मालकापुढे नमावे लागलेल्या कामगार पुढाऱ्याच्या थोरल्या मुलाच्या हातावर बाप चोर असल्याचे गोंदले जाते. तो तस्कर होतो, धाकटा पोलीस होतो. रक्त दोघांचे एकच आहे. फरक गोंदणाचा आहे. जबलपुरात सरकार कपाळावर जे लिहीत होते ते येथे समाज पोराच्या हातावर लिहितो. या दोन्ही चित्रपटांनी गुन्ह्याचे मूळ वंशातून काढून अन्यायात नेले, ही त्यांची कमाई. परंतु दोहोंच्या शेवटी पोलीस भाऊच गोळी झाडतो. कारण बदलले, तरी निवाडा बदलला नाही.

मराठी साहित्याने या सूत्राला दिलेले उत्तर थरारकथेच्या बाहेरून आले. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (1987) या आत्मकथनात पोलीस दाराबाहेरून आत येतो आणि निवेदक आतल्या माणसांत असतो. तेथे कर्तव्य आणि रक्त यांचे द्वंद्वच उरत नाही, कारण झडती घेणाऱ्याला त्या घराशी कसलेही नाते मानायचे नसते. 1988 साली साहित्य अकादमीने या पुस्तकाला पुरस्कार दिला. समीक्षेने मात्र ते प्रामुख्याने सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचले. थरारकथेच्या मूळ गृहीतकावरील सर्वांत कठोर भाष्य म्हणूनही ते वाचले जावयास हवे.

भंडाऱ्याच्या परिसरात भाऊबीजेनंतर मंडईच्या निमित्ताने झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात. कौटुंबिक-सामाजिक संघर्ष हा या रंगभूमीचा प्राण असल्याने वर्दीतला भाऊ आणि बेडीतला भाऊ यांची गाठ तिला स्वभावतःच जवळची आहे. पहाटेपर्यंत बसलेल्या प्रेक्षकाला गुन्हेगार कोण हे जाणून घ्यायचे नसते. आपल्या माणसाचे काय करायचे, हा त्याचा प्रश्न असतो. पोलीसकथेचे मूल्यमापन करताना समीक्षेनेही याच प्रश्नापासून आरंभ करावा. नायक कर्तव्याला जागला की नाही हे त्यानंतर तपासावे. त्याआधी त्याच्या भावाच्या हातावर कोणी आणि कोणत्या अधिकाराने गोंदले, हे विचारले पाहिजे. जी संहिता हे विचारू देत नाही ती, कितीही रंजक असली तरी, स्लीमनच्या दफ्तराचीच पुरवणी ठरते.